जगातल्या सर्वश्रेष्ठ गोल्फपटूचं तोंड

माझे साडू पेंटर होते. पेंटर म्हणजे पाट्या रंगवणारे. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, ‘येथे वाहने लावू नयेत’ वाल्या. त्यांचं अक्षर बघत राहावं असं होतं. एकदा त्यांनी जिन्याच्या कोपऱ्यात ‘येथे थुंकू नये’ अशी पाटी इतकी देखणी काढली, की जाणारायेणारा ती वाचायला थांबू लागला, आणि थांबलाच आहे तर म्हणून थुंकू लागला. पाटी काढून टाकावी लागली. कोपरा लगेच स्वच्छ झाला.

अक्षर सोडून बाकीही काढत. चहाची किटली, वाघ, ट्रकच्या मागचा मोर, सगळं उत्तम. फक्त माणसाचं तोंड जमत नसे. आता हे काही पाप नव्हे. मला स्वतःला सरळ रेघ येत नाही. गावच्या शाळेत मास्तर माझी पाटी उलटी धरून विचारायचे, ‘हे काय आहे ते सांग, मग वरची बाजू कुठली ते मी सांगतो.’ पण मी कधी दारावर लिहिलं नाही ना! साडूंच्या दारावर त्यांच्याच हातची पाटी होती, आणि तिच्यावर निळ्या अक्षरांत, सोनेरी काठ देऊन लिहिलं होतं: ‘पेंटर व आर्टिस्ट’.

त्या ‘आर्टिस्ट’पायी हे सगळं रामायण.

आमच्या सासूबाई धाकट्या लेकीकडेच राहायच्या, म्हणजे साडूंकडे. सासरे गेले त्या वर्षी साडूंनी आपण होऊन त्यांचं मोठं चित्र काढलं. कोट हुबेहूब, खिशातलं पेन हुबेहूब. सगळी माणसं जमली, वरचं फडकं काढलं, सासूबाई चष्मा लावून पुढे आल्या. वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, “छान आहे हो जावईबापू. कुणाचं आहे?”

हसू दाबायला मी खोकलो, तो खोकला मला अजून बायको ऐकवते. चित्र कपाटाच्या मागे गेलं. त्याच्यानंतर साडूंनी माणसाचं तोंड म्हणून काढलं नाही. दातांच्या दवाखान्याची पाटी असली तर नुसते दात काढायचे.

गावाबाहेर, लांबच लांब भिंतीच्या आत, गोल्फ क्लब होता. तिथल्या पाट्या साडूंच्याच. ‘चेंडूपासून सावध’, ‘गवतावरून चालू नये’, आणि जिंकणाऱ्यांच्या नावांचा मोठा लाकडी फलक. क्लबाचे अध्यक्ष फार वयस्क, फार सज्जन आणि फार डावखुरे. त्यांचा चेंडू दरवेळी तळ्यात जायचा, इतका इमानाने की बाकीचे सभासद तळ्याला ‘अध्यक्षांचं तळं’ म्हणायचे. त्यांच्या मागे, अर्थात. कारण अध्यक्षांनी स्वतःच्या पैशाने क्लबाला नवं सभागृह बांधून दिलं होतं, आणि पैसे देणारा माणूस कुठल्याही हाताने खेळला तरी चालतो.

त्या सभागृहाच्या मोठ्या भिंतीवर काय असावं? समितीनं ठरवलं, सर्व काळातल्या सर्वश्रेष्ठ गोल्फपटूचं चित्र. पुरुषभर उंचीचं. सेक्रेटरींनी साडूंना बोलावलं. साडू नाही म्हणायला गेले होते. मला सांगून गेले होते, “साडूभाऊ, मी सरळ सांगतो, सवड नाही.” पण सेक्रेटरी म्हणाले, “तुम्हाला जमणार नसेल तर सांगा, आम्ही बाहेरून एखादा आर्टिस्ट बोलावतो.”

एखादा आर्टिस्ट! साडू जिना उतरायच्या आत कामाला हो म्हणून आले.

घरी सांगितलं तर सासूबाई शेंगा सोलत बसल्या होत्या. मान वर न करता विचारलं, “तोंडासकट?”

“तोंडासकट,” साडू म्हणाले.

“मग मी बघायला येणार. तोंड जमलं असलं तर ह्यांचं चित्र कपाटामागून काढून पुढच्या खोलीत लावीन. तुमचा मान ठेवीन. नाही जमलं, तर दारावरचं ते आर्टिस्ट पुसून टाकायचं. येणाऱ्याजाणाऱ्याला उगाच आशा लागते.”

“अगं आई!” मेहुणी म्हणाली.

“मी कुठं काय म्हटलं? पेंटर राहू दे की. पेंटर खरंच आहेत.”

साडूंचं तोंड बघवेना. ते मात्र कुणीही काढू शकलं असतं.

भिंतीवर काम सुरू झालं. काठी कशी धरतात हे साडूंना माहीत नव्हतं, म्हणून त्यांनी मला अंगणात उभं केलं, हातात छत्री दिली आणि म्हणाले, “मारल्यासारखं करा.” मी छत्री फिरवून डाव्या खांद्यावर नेली आणि तशीच धरून उभा राहिलो. साडू समोर बसून चौकटी आखलेल्या कागदावर काढत होते. माझे गुडघे जन्मापासून एकमेकांवर रुसलेले, बाहेरच्या बाजूला वाकलेले. तेही त्यांनी प्रामाणिकपणे घेतले. मग त्या चौकटी मोठ्या करून भिंतीवर उतरवल्या. थोड्या दिवसांत हिरवं गवत, निळं आभाळ, पांढरे बूट, इस्त्रीची विजार, समोर बटणं असलेला शर्ट, आणि डाव्या खांद्यावरून मागे गेलेली काठी, सगळं तयार झालं. कॉलरच्या वर नुसता पांढरा गोल राहिला.

“तोंड कुणाचं?” साडूंनी सेक्रेटरींना विचारलं.

आणि तिथे देव पावला. समितीनं सर्वश्रेष्ठ गोल्फपटूचं चित्र काढायचं ठरवलं होतं, पण सर्वश्रेष्ठ कोण, हे ठरवायचं राहून गेलं होतं.

समितीतले दातांचे डॉक्टर म्हणाले, सर्वश्रेष्ठ अमुक. वकीलसाहेब म्हणाले, छे, तमुक. दोन्ही नावं परदेशी. मला आणि साडूंना ती नीट म्हणता येईनात, म्हणून आम्ही आपसात एकाला ‘कपवाला’ केलं आणि दुसऱ्याला ‘वादळ’; इथंही तीच नावं वापरतो. कपवाल्यानं सगळ्यात जास्त मोठे कप जिंकलेले. वादळाचे कप थोडे कमी, पण तो खेळत होता तोवर बाकीच्यांनी मैदानावर यायचं ते नुसतं ऊन खायला. डॉक्टर कपवाल्याचे, वकील वादळाचे.

“कप मोजा की!” डॉक्टर म्हणायचे. “मोजता येतात ना?”

“कप मोजायचे तर भांड्यांच्या दुकानात जा,” वकील म्हणायचे. “माणूस बघा! त्याच्या समोर उभं राहायची छाती होती का कुणाची?”

“आणि तुमच्या माणसाची कंबर? तिशीतच गेली! सर्वश्रेष्ठ म्हणे. सर्वश्रेष्ठ माणसाला खुर्चीतून उठताना ‘आई गं’ म्हणावं लागतं का?”

“तुमच्या माणसाच्या वेळी विरुद्ध कोण होते? दोन धर्मगुरू आणि एक पोस्टमास्तर!”

साडू शिडीवर बसून ढगाला उगाच पांढरं लावत हे ऐकायचे. दोन-तीन दिवसांत त्यांच्या लक्षात आलं, की हा वाद चालू आहे तोवर तोंड काढावं लागत नाही. वाद मिटला की आपण संपलो. मग त्यांनी तो वाद तान्ह्या पोरासारखा सांभाळला. निजायला लागला की चिमटा काढायचा.

चिमटे आम्ही दोघं मिळून तयार करायचो. मला तर ह्याचा फार आनंद. गोल्फ मी कधी बघितलेला नाही, पण वाद घालायला खेळ कशाला बघावा लागतो? वाद थंडावला की साडू शिडीवरून नम्रपणे विचारायचे, “साहेब, मी अडाणी माणूस, पण विचारतो. कपवाल्याच्या काळात काठ्या लाकडाच्या होत्या का हो?” झालं! आठवडाभर काठ्या. काठ्या संपल्या की, “गवत तेव्हा एवढं बारीक कापत नसतील, नाही?” पंधरवडा गवत. एकदा मी सुचवलं, “विचारा, वारा जास्त कुणाच्या वेळी होता?” त्याच्यावर तर डॉक्टर आणि वकील एकमेकांशी बोलेनासे झाले. साडूंनी मला त्या दिवशी मिठाई आणून दिली.

सासूबाई अधूनमधून विचारायच्या, “आलं का तोंड?”

“समिती ठरवतेय,” साडू सांगायचे.

“तुमच्या स्थळाच्या वेळेला आमच्याकडे समिती नव्हती,” सासूबाई म्हणायच्या, “नाहीतर आम्हीही ठरवत बसलो असतो.”

असं सुखात चाललं होतं, आणि डॉक्टरांच्या मुलीचं लग्न ठरलं. कुणाशी? वकिलांच्या मुलाशी! पोरांनी आपसातच ठरवलं होतं. बाप वाऱ्यावरून भांडत होते तेव्हा ही दोघं तळ्याकाठी बसून काय ते उरकत होती.

आता डॉक्टर मुलीचे बाप झाले. मुलीचा बाप झाल्यावर माणसाचा आवाज कसा बदलतो हे तुम्हाला सांगायला नको. दुसऱ्याच दिवशी डॉक्टर क्लबात आले आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, “मी नीट विचार केला. वकीलसाहेबांचंच बरोबर आहे. वादळच सर्वश्रेष्ठ.”

शिडीवर साडूंच्या हातून ब्रश पडला. तो थेट सेक्रेटरींच्या चहात गेला.

पण वकीलसाहेब व्याह्यापुढे मोठेपणा घ्यायला कसे मागे राहतील? ते उठले, डॉक्टरांचा हात धरला. “छे छे! व्याहीबुवा, लाजवू नका. कप ते कप. मी उगाच हट्ट करत होतो. कपवालाच खरा.”

“अहो नाही, वादळासमोर उभं राहायची छाती होती का कुणाची?”

“पण कंबर? कंबरेचं काय? तुम्हीच म्हणाला होतात, खुर्चीतून उठवत नव्हतं.”

“ते मी रागात बोललो. कंबर ठणठणीत होती!”

“कसली ठणठणीत? मी स्वतः वाचलंय!”

आणि लग्नाची बोलणी चालू असेपर्यंत दोघं तेवढ्याच जोराने, फक्त उलट बाजूंनी भांडत राहिले. आधी शिव्या देऊन भांडत होते, आता ‘आपण’, ‘आपण’ म्हणून. साडूंचा जीव परत भांड्यात पडला. मला म्हणाले, “साडूभाऊ, सभ्य माणसांचं भांडण जास्त टिकतं हो.”

त्यांचं हे म्हणणं सेक्रेटरींनी खोटं पाडलं. चहात ब्रश पडल्यापासून त्यांचं डोकं फिरलेलंच होतं. सभागृहाच्या उद्घाटनाची पत्रिका छापून झाली, आणि ते शिडीखाली येऊन म्हणाले, “पेंटर, ह्या दोघांचं आयुष्यभर ठरणार नाही. तुम्ही एवढे दिवस ऐकलंत. आता तुम्हीच ठरवा आणि तोंड काढून मोकळे व्हा. रविवारी पडदा उघडायचा आहे.”

झाली पंचाईत. जगातला सर्वश्रेष्ठ गोल्फपटू कोण हे ठरवायचा अधिकार आमच्या साडूंना मिळाला, आणि त्यांना रडू यायचं बाकी राहिलं. घरी आले, दाराबाहेर पाटीखाली उभे राहिले आणि ‘आर्टिस्ट’वरून बोट फिरवत म्हणाले, “सोनेरी काठ फार चांगला बसला होता.”

मी म्हटलं, “काढून तर बघा.”

“काढलं की परत विचारतील, छान आहे, कुणाचं आहे?”

दुसऱ्या दिवशी सकाळी ते क्लबात गेले, आतून कडी लावली आणि संध्याकाळी बाहेर आले ते वेगळाच माणूस होऊन. चेहरा असा खुललेला. मला बाजूला घेऊन म्हणाले, “फिरवला.”

“काय फिरवला?”

“माणूस! पाठमोरा केला. शर्टाची बटणं पुसली, झाली पाठ. पांढऱ्या गोलात मागचे केस भरले, वर टोपी. बुटांचे चवडे पुसून टाचा काढल्या. आहे तीच आकृती, तोच आकार. तोंड गेलं पलीकडे! तो आपला चेंडू बघत उभा आहे. आता म्हणा काय म्हणायचं ते.”

मला इतका आनंद झाला की मी छत्री घेऊन अंगणात पाठमोरा उभा राहून दाखवलं.

रविवारी उद्घाटन. सभासद पुढे खुर्च्यांवर; ज्यांनी भिंती बांधल्या, रंगवल्या, त्यांच्या कुटुंबांना मागे उभं राहायची खास परवानगी. सासूबाई नवी काठी टेकत सगळ्यांच्या पुढे जाऊन उभ्या राहिल्या. म्हणजे मागच्यांच्या पुढे. अध्यक्षांनी दोरी ओढली, पडदा सरकला.

खाली साडूंच्या अप्रतिम अक्षरात ‘सर्व काळातील सर्वश्रेष्ठ गोल्फपटू’. वर तो, पाठमोरा, लांब हिरव्या गवताकडे बघत. मग डॉक्टर म्हणाले, “वा! वादळ. खांदे बघा.” वकील म्हणाले, “अहो नाही, कपवाला. उभं राहण्यातला रुबाब बघा.” दोघं खूश. साडूंनी माझ्याकडे बघून डोळा मारला.

तेवढ्यात सेक्रेटरी पुढे झाले, मान तिरकी करून बघू लागले. “एक मिनिट. काठी उजव्या खांद्यावरून गेलीय.”

“मग?” साडू म्हणाले.

“मग हा डावखुरा झाला ना!”

आता बघा कसं झालं. मी छत्री डाव्या खांद्यावर नेली होती, आणि ते चित्र समोरून होतं. तीच आकृती ठेवून साडूंनी माणूस पाठमोरा केला. बटणं आठवली, टाचा आठवल्या, पण माणूस फिरवला की त्याचा डावा खांदा उजवा होतो हे राहून गेलं. कपवाला उजवा होता. वादळही उजवा होता. पुढच्या रांगेत कुजबुज सुरू झाली. डॉक्टर म्हणाले, “अरेच्चा, खरंच की.” वकील म्हणाले, “हा आहे तरी कोण?”

साडू भिंतीला टेकले. मला कपाटामागचं ते चित्र दिसायला लागलं. छान आहे, कुणाचं आहे?

आणि अध्यक्ष उठले. हळूहळू चित्रापाशी गेले. गवताकडे बघितलं, त्या खांद्यावरच्या काठीकडे बघितलं, त्या बाकदार गुडघ्यांकडे बघितलं. गुडघे त्यांचेही तसेच होते, वयामुळे. खिशातून रुमाल काढून त्यांनी डोळे टिपले आणि वळून म्हणाले, “मंडळी, हे… हे मला खरंच अपेक्षित नव्हतं.”



“मी विचारायचो, चित्र कुणाचं, तर कुणी सांगायचं नाही. सगळे नुसते भांडल्यासारखे करायचे. आता कळलं, माझ्यापासून लपवत होतात. एवढं प्रेम!” मग हसून म्हणाले, “खालचं वाक्य जरा जास्त झालं. पण राहू द्या.”

तुम्ही त्या वेळी डॉक्टरांचं तोंड बघायला हवं होतं. वकिलांचंही. ज्या छताखाली बसले होते ते अध्यक्षांनी बांधलेलं, खुर्च्या त्यांच्या, चहा त्यांचा. आधी सेक्रेटरींनी टाळ्या वाजवल्या. मग डॉक्टरांनी. मग वकील उभे राहून म्हणाले, “आमचं आधीपासून एकमत होतं.” एवढे महिने चाललेला वाद एका मिनिटात मिटला, आणि जगातला सर्वश्रेष्ठ गोल्फपटू ठरला तो ज्याचा चेंडू कधी तळं ओलांडून गेला नाही. अजूनही त्या क्लबात जाऊन बघा, चित्र आहे. हल्ली नातवंडं फोनवर सामने बघत भांडतात, सर्वश्रेष्ठ हा की तो. मी त्यांना सांगतो, गप्प बसा, ते ठरलेलं आहे. तो डावखुरा होता, आणि गुडघे माझे होते.

पण साडूंच्या जिवाला त्या टाळ्यांचं काही नव्हतं. ते मागे सासूबाईंकडे बघत होते. सासूबाईंनी पूर्ण चित्र बघून घेतलं, आणि एवढंच म्हणाल्या, “पाय थोरल्या जावयाचे आहेत.” घरी येईपर्यंत पुढे शब्द नाही. मेहुणी दोनदा म्हणाली, “आई, बोल ना काहीतरी.” नाही.

दारात आल्यावर साडू स्वतःच फडकं आणि टर्पेंटाइनची बाटली घेऊन पाटीपाशी गेले. बोलल्याप्रमाणे वागायचं, हा त्यांचा स्वभाव. “तोंड नाही काढलं मी,” ते म्हणाले. “काढता येत नाही म्हणून नाही काढलं. तुमचं खरं होतं.”

सासूबाई पायरीवर टेकल्या. “ठेवा ती बाटली. वास येतो.”

साडूंनी ठेवली.

“ह्यांचं तोंड,” सासूबाई म्हणाल्या, “मला तरी कुठं नीट आठवतंय? समोर बसायचे ते पेपर धरून. बघितली ती मी पाठ. रोज सकाळी कामाला निघाले की मी इथं दारात. कोपऱ्यापर्यंत बघायची. एकदा वळून बघितलं असेल तर शपथ. तेवढी एक पाठ मात्र हजार पाठींत ओळखीन.” मग चष्मा पदरानं पुसत म्हणाल्या, “तुम्हाला पाठ चांगली येते हो जावईबापू. ती काढा.”

साडूंनी हातातल्या फडक्याची घडी घातली. मग त्यांनी विचारलं, आणि हे विचारलं म्हणून मी त्यांना आर्टिस्ट म्हणतो, “डबा कुठल्या हातात असायचा?”

“डाव्या. उजव्या हातानं विजार वर ओढत जायचे. पट्टा कधी नीट बसला नाही.”

“तेही काढू?”

“तेच काढा.”

कपाटामागून जुनं चित्र निघालं. त्याच्याच पाठीवर, उलट्या बाजूला, साडूंनी नवीन काढलं. रस्ता, कोपऱ्यावरचा खांब, आणि निघालेले सासरे, डावीकडे डबा, उजव्या हातानं विजार सावरत. सासूबाई रोज मागे उभ्या राहून सांगायच्या, “मान जरा खाली. नाही, एवढी नाही, कर्ज घेतलेलं नव्हतं.” ह्या वेळी फडकंबिडकं, जमलेली माणसं, काही नव्हतं. पूर्ण झालं तशी सासूबाईंनी खुर्ची ओढली, समोर बसल्या आणि कुणाचं आहे असं विचारलं नाही.

चित्र पुढच्या खोलीत लागलं. पाटीवरचं आर्टिस्टही राहिलं. पुढे साडूंनी सोनेरी काठ एकदा नव्याने दिला. कुणी पाहुणा आला, चित्राकडे बघून “हे कोण?” म्हणाला, की सासूबाई म्हणायच्या, “थांबा, वळतील आता.”